मित्राच्या लग्नाला पहिल्यांदाच दूर निघालायस ना?

मग आधी तिकिटाचं बघ. लग्नाच्या दिवशी सकाळी पोहोचणारी गाडी किंवा विमान घेऊच नकोस; एक उशीर झाला की मुहूर्त हुकतो. आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोच. खरी मजा त्याच संध्याकाळी असते. पाहुणे अजून थोडे असतात, नवरा मुलगा मोकळा सापडतो, जुन्या गप्पा रंगतात. दुसऱ्या दिवशी तो तुझ्याशी धड दोन मिनिटं बोलू शकणार नाही, आणि त्याचं वाईट वाटून घ्यायचं नाही.

लग्नाचे कपडे हातातल्या बॅगेतच ठेव. मोठी बॅग मागे राहिली तरी निभावतं, पण अत्तराची बाटली १०० मिलीपेक्षा मोठी असेल तर ती आंतरराष्ट्रीय विमानात सहसा हातातल्या बॅगेत नेता येत नाही. परदेशात जायचं असेल तर पासपोर्ट आजच काढून बघ. बरेच देश ६ महिन्यांची मुदत शिल्लक मागतात.

विधी चालू असताना मोबाईल खिशात ठेव, फोटोग्राफर आहेच. मित्राच्या आईवडिलांना मात्र आवर्जून भेट, काही काम आहे का विचार. आणि परतीचं तिकीट एक-दोन दिवस उशिराचं काढ. मित्रांसोबत ते गाव निवांत पाहायला असा योग पुन्हा लवकर जुळत नाही.