सीलची ‘धारणा’ की सीलचे ‘घर’?

दोन पाइपांच्या मध्ये बसणाऱ्या आणि आतली गोल चकती फिरवून पाणी सोडणाऱ्या-रोखणाऱ्या बटरफ्लाय व्हॉल्वच्या माहितीपुस्तिकेचे मराठी भाषांतर करणाऱ्या एका वाचकभगिनींनी विचारले आहे की, व्हॉल्वमधील रबरी सील पाण्याच्या जोराने जागेवरून निघून जाऊ नये म्हणून जी रचना केलेली असते, तिला ‘मुद्रा-धारणा’ म्हणावे का. मूळ मजकुरात ‘सील रिटेन्शन’ असा शब्दप्रयोग आहे. कोशात दोन्ही शब्दांपुढे जे प्रतिशब्द मिळाले ते त्यांनी जोडले. परंतु मसुदा तपासणाऱ्या अभियंत्यांनी ‘हे कशाविषयी आहे?’ असा शेरा मारून तो परत पाठवला. माझे उत्तर असे की, ‘मुद्रा’ हा शब्द येथून पूर्णपणे काढावा, ‘धारणा’मधला शेवटचा काना काढून ‘धारण’ एवढे शीर्षकापुरते ठेवावे, आणि वाक्यांत मात्र कारागिरांच्या तोंडी असलेला ‘घर’ हा शब्द निःसंकोच वापरावा.

आधी मुद्रेविषयी. इंग्रजीतला सील हा शब्द लॅटिनमधील ‘सिगिलम’वरून आला, आणि ‘सिगिलम’ हे ‘सिग्नम’ म्हणजे खूण या शब्दाचे लघुरूप आहे. मूळ अर्थ ठसा एवढाच होता. पत्राची घडी लाखेने किंवा मेणाने चिकटवून तिच्यावर ठसा उमटवण्याच्या रीतीमुळे ठशाचा शब्द बंद करण्याच्या क्रियेलाही चिकटला, पुढे ठसा मागे पडला, आणि पाणी, वाफ किंवा वायू बाहेर पडू न देणारी कोणतीही वस्तू सील ठरली. मराठीत ‘मुद्रा’ या शब्दाचा असा प्रवास झाला नाही. शिवाजी महाराजांच्या पत्रांवर वरच्या बाजूला राजमुद्रा असते आणि मजकूर संपतो तेथे ‘मर्यादेयं विराजते’ ही मर्यादामुद्रा असते. ही दुसरी मुद्रा बंद करण्याच्या अर्थाच्या अगदी जवळ येते, कारण तिच्यापुढे कोणी आणखी एखादी ओळ घुसडू नये हाच तिचा हेतू. तरीसुद्धा ती मजकूर बंद करते, कागद बंद करत नाही. पत्र वाटेत कोणी उघडू नये म्हणून ते बंद करण्याचे काम मराठीत लाखेकडे गेले, आणि ‘लाखोटा’ हा सुंदर शब्द त्यातूनच आपल्याला मिळाला. म्हणून मराठी वाचकाला ‘मुद्रा’ म्हटल्यावर ठसा, नाणे, चेहऱ्यावरचे भाव किंवा योगासनातली हाताची ठेवण आठवते. रबराचे कडे कधीच आठवत नाही.

‘सील’ हा शब्द मात्र आता आपलाच झालेला आहे. दुकानाला सील ठोकले जाते, पाकीट सीलबंद असते आणि पंपाचे सील जाते. एकाच शब्दाचे हे दोन्ही अर्थ आपण रोज गोंधळ न होता वापरतो. तो नपुंसकलिंगी आहे, ‘सीलचे’, ‘सीलला’ अशी त्याची रूपे सहज होतात, आणि अनेकवचनातही तो न बदलता चालतो. ‘गळतीरोधक’ हा शब्द मला विशेषण म्हणून आवडतो, पण त्यात फ्लँजमधला, म्हणजे पाइपांच्या टोकांवरच्या बोल्टने जोडायच्या रुंद कडांमधला गॅस्केट (सांध्यात दाबायची चपटी चकती), नळातला वायसर, स्पिंडल म्हणजे फिरत्या दांड्याभोवतीची ग्लँडची दोरी आणि आट्यांवर गुंडाळलेला धागा असे सगळेच येते. पुस्तिकेत एका नेमक्या भागाचे नाव हवे आहे, त्यामुळे सीलला सीलच म्हणावे.

आता ‘धारणा’. मराठीत धारणा म्हणजे समजूत: ‘माझी अशी धारणा आहे’. तेव्हा ‘सील-धारणा’ हे शब्द वाचून सीलविषयीचे एखादे मत पुढे येणार असे वाटते. ‘धारण’ बरा आहे, कारण शेतीच्या लेखनात जमिनीची ‘जलधारणक्षमता’ रुळलेली आहे आणि तो शब्द कोणालाही खटकत नाही. मात्र येथे एक बारीक फरक आहे. माती पाणी धरते ते तिच्या अंगच्या गुणाने, आणि वस्त्र किंवा रूप धारण करणे ही स्वेच्छेची क्रिया असते. व्हॉल्वमधल्या सीलला पाणी बाहेर ओढू पाहते आणि लोखंड त्याला जाऊ देत नाही. या ओढाताणीचा लवलेशही ‘धारण’मध्ये उमटत नाही. म्हणून ‘सील-धारण रचना’ असे प्रकरणाचे शीर्षक चालेल, परंतु वाक्यात ‘शरीर (म्हणजे व्हॉल्वचा बाहेरचा बिडाचा भाग) सील धारण करते’ असे लिहिले की सगळा अर्थ विरून जातो.

ही ओढाताण नेमकी कशी असते ते पाहिल्याशिवाय शब्द निवडता येणार नाही. व्हॉल्व बंद असतो तेव्हा चकती रबरावर दाबून बसलेली असते, आणि पाण्याचा दाब हळूहळू रबराच्या पाठीमागे, खाचेच्या तळापर्यंतही पोहोचतो. व्हॉल्व उघडायला लागतो त्या क्षणी चकती आणि रबर यांच्यात केसभर फट पडते, तेवढ्या फटीतून पाणी अतिशय वेगाने धावते, आणि जेथे वेग वाढतो तेथे दाब उतरतो. आता रबराच्या पुढे दाब कमी आणि पाठीमागे कोंडलेल्या पाण्याचा दाब जास्त, अशी स्थिती होते. रबर आपल्या जागेतून पुढे ढकलले जाते आणि धावते पाणी त्याची कड पकडून त्याला ओढते. एकदा कड उचलली गेली की चकती परत येताना तिलाच चिरडते. येथे आणखी एक अडचण आहे. रबर दाबल्याने आकार बदलते, पण त्याचे आकारमान जवळजवळ बदलत नाही, त्यामुळे खाच रबराने गच्च भरून टाकता येत नाही; स्थिर सांध्यातली ओ-रिंग, म्हणजे गोल काटछेदाचे रबरी कडे, साधारण १५ ते ३० टक्के दाबली जाईल आणि तरी तिला पसरायला थोडी मोकळी जागा उरेल, असा हिशेब ठेवावा लागतो. चुकीच्या द्रवात रबर फुगते तेव्हाही हीच मोकळी जागा कामी येते. ईपीडीएम नावाचे कृत्रिम रबर पाण्यात उत्तम टिकते पण खनिज तेलात फुगते, आणि फुगलेले रबर कितीही चांगल्या खाचेतून बाहेर येऊ पाहते. म्हणजे सीलला घट्ट आवळायचेही नाही आणि सुटू द्यायचेही नाही, असे हे नाजूक काम आहे, आणि आपल्याला हव्या असलेल्या शब्दात या दोन्ही गोष्टी मावायला हव्यात.

तो शब्द मला कोशात मिळाला नाही, आमच्या इमारतीच्या पंपघरात मिळाला. टाकीकडे जाणाऱ्या ८० मिलिमीटरच्या नळावरचा व्हॉल्व बंद केल्यावरही पाणी सोडत होता. आमच्या प्लंबरने बोल्ट काढून तो दोन फ्लँजच्या मधून सरकवून बाहेर घेतला, बॅटरीच्या उजेडात आतल्या काळ्या रबरी अस्तरावरून (या व्हॉल्वमध्ये तेच सील) अंगठ्याचे नख फिरवले आणि एका ठिकाणी थांबून मला म्हणाला, ‘‘काका, रबर चांगलंय. रबरानं घर सोडलंय.’’ त्या ठिकाणी अस्तराची बाहेरची ओठासारखी कड आत दुमडली गेली होती आणि तिच्या मागची बारीक रबरी पट्टी बिडाच्या खाचेतून बोटभर उपसली गेली होती. व्हॉल्व बसवताना कोणीतरी दोन्ही फ्लँज पुरेसे फाकवले नव्हते, त्यामुळे व्हॉल्व मध्ये घुसवताना ती कड खरवडून आत वळली होती. पुस्तिकेची तीन पाने जे सांगतात ते त्याने तीन शब्दांत सांगितले.

‘घर’ या शब्दाचा हा अर्थ नवा नाही आणि तो केवळ कारागिरांपुरताही नाही. चष्म्याचे घर असते, सोंगट्यांच्या पटावर घर असते, कुंडलीत ग्रहाचे घर असते, आणि सुतार लाकडात बिजागरीसाठी घर पाडतो. या सगळ्या ठिकाणी घर म्हणजे एका विशिष्ट वस्तूसाठी मापाने केलेली, तिचीच अशी जागा. ‘खाच’ म्हटल्यावर फक्त कापलेला भाग दिसतो, त्यात काय बसायचे ते दिसत नाही. ‘चर’ तर जमिनीत खणतात. ‘खोबण’ हा शब्द ‘घर’च्या सर्वांत जवळ आहे, कारण डोळ्याची खोबण म्हणताना आत डोळा आहे हे गृहीत असते, आणि ज्यांना लेखी मजकुरात ‘घर’ फार घरगुती वाटेल त्यांनी ‘खोबण’ वापरावी. शिवाय घर सोडता येते. ‘सीलने घर सोडणे’ या तीन शब्दांत बिघाडाचे नाव आपोआप तयार होते. ‘खाच सोडणे’ असे कोणी म्हणत नाही.

मला ‘कोंदण’ या शब्दाचाही फार मोह झाला होता. काही ओ-रिंगसाठी तळाशी रुंद आणि तोंडाशी अरुंद अशी खाच कापतात. तिच्या दोन्ही कडा आत झुकलेल्या असल्यामुळे रिंग आत दाबून बसवली की सहज बाहेर येत नाही. सोनार खड्याभोवती सोन्याची कड दाबून त्याला धरतो, त्याचे चित्र यात हुबेहूब आहे. परंतु कोंदणातला खडा हलत नाही आणि त्याने हलूही नये, तर सीलला श्वास घेण्याइतकी जागा लागते. म्हणून या एका प्रकारच्या खाचेचे वर्णन करताना ‘कोंदणासारखी’ असे एकदा लिहावे आणि पुढे ‘अरुंद तोंडाचे घर’ म्हणावे.

मसुद्याच्या समासात सुचवलेल्या आणखी दोन शब्दांबद्दल लिहितो. ‘सील-पकड’ ऐकायला चांगला आहे, पण कारखान्यात पकड हे हत्याराचे नाव आहे. ‘सील-पकड तपासा’ असे वाचून माणूस हत्यारांची पेटी उघडेल. ‘बैठक’ हा शब्द व्हॉल्वमध्ये आधीच गुंतलेला आहे, कारण चकती ज्यावर टेकते ती जागा म्हणजे बैठक. काही व्हॉल्वमध्ये सील हीच बैठक असते, तर काहींमध्ये सील चकतीवर असून बैठक शरीरावर असते, आणि एकच शब्द दोन्हीकडे वापरला तर पुस्तिका वाचणाऱ्याला कोणता भाग बदलायचा हेच कळणार नाही.

‘व्हॉल्व’ की ‘झडप’ असेही आपण विचारले आहे. संपूर्ण वस्तूला व्हॉल्व म्हणावे. झडप म्हणजे उघडमीट करणारे पान, खिडकीचे असो की हृदयातले, त्यामुळे ते नाव फार तर आतल्या चकतीला शोभेल, आणि तेथे ‘चकती’ हाच शब्द अधिक स्पष्ट आहे. मुंबईत पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याला लोक ‘चावीवाला’ म्हणतात, आणि व्हॉल्व फिरवण्याला ‘चावी फिरवणे’. हा प्रयोग बोलण्यात अतिशय जिवंत आहे, पण सुट्या भागांच्या यादीत चावी वेगळी येत असल्याने पुस्तिकेत तो टाळावा.

उरला प्रश्न क्रियापदांचा, आणि माझ्या मते खरी बाजी तेथेच आहे. सील घरात राहावे म्हणून करायच्या उपायांना एकच ‘धारण करणे’ लावण्याचे कारण नाही, कारण प्रत्येक उपाय वेगळ्या तऱ्हेने काम करतो आणि मराठीत त्या प्रत्येकासाठी नेमके क्रियापद आहे. रबर ओतताना ते बिडालाच एकजीव करून टाकले असेल, तर सील ‘सांधलेले’ आहे. अस्तराच्या पाठीवरची पट्टी शरीराच्या घरात बसत असेल, तर ते ‘अडकवलेले’ आहे. धातूचे कडे बोल्टने आवळून सीलची कड त्याखाली धरली असेल, तर ते ‘दाबून धरलेले’ आहे. त्या कड्याला मात्र ‘रिटेनर रिंग’च म्हणावे, कारण ‘दाबकडे’ हा शब्द मी करून पाहिला आणि पाण्याच्या दाबाच्या आकड्यांनी भरलेल्या पानावर तो गोंधळ करतो, शिवाय भांडारातून तो भाग मिळवायचा असेल तर रिटेनर रिंग याच नावाने मिळेल. घराच्या तळाला बारीक छिद्र ठेवून मागे कोंडलेल्या पाण्याला वाट दिली असेल, तर ते सीलला धरणे नसून सीलला ढकलणारा दाब ‘सोडणे’ आहे, आणि हा फरक भाषांतरात पुसला गेला तर छिद्र बुजल्यावर काय होईल ते वाचणाऱ्याला उमगणार नाही.

आपण नमुन्यादाखल पाठवलेला परिच्छेद, ज्यात मूळ मसुद्यात ‘मुद्रा-धारणा सुनिश्चित करण्यासाठी’ असे शब्द होते, मी असा लिहीन: ‘व्हॉल्व बसवण्यापूर्वी दोन्ही फ्लँज पुरेसे फाकवा. चकती थोडी उघडी ठेवा, पण तिची कड शरीराच्या बाहेर येऊ देऊ नका. अस्तराची कड दोन्ही बाजूंनी फ्लँजवर सपाट टेकली आहे आणि कोठेही आत दुमडलेली नाही हे हाताने चाचपून पाहा. ही कडच गॅस्केटचे काम करते, म्हणून वेगळा गॅस्केट घालू नका. समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळा. एकच बाजू आधी आवळल्यास दुसऱ्या बाजूचे सील घर सोडते.’