पद्मिनीला मागे फोर-लिंक बसवायचे असेल तर वेल्डर कसा निवडावा?

तुमच्याकडे १९७९ सालची प्रीमियर पद्मिनी आहे, तिच्यात तुम्ही जास्त ताकदीचे इंजिन बसवले आहे आणि आता मागचे पाटे (लीफ स्प्रिंग) काढून कॉइल स्प्रिंगचे फोर-लिंक, म्हणजे मागचा अ‍ॅक्सल चार दांड्यांनी बॉडीला धरणारी रचना, बनवून घ्यायचे आहे. वेल्डिंग तुटू नये म्हणून चांगला वेल्डर कसा ओळखावा आणि खर्च किती येईल, असे तुम्ही विचारले आहे. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात सव्वीस वर्षे वेल्डिंग करतो. ‘वेल्डिंग तुटू नये म्हणून’ हे चार शब्द वाचून मी हे उत्तर लिहायला बसलो, कारण याच जातीच्या गाडीवर हेच काम मी केले होते, ते तीन महिन्यांत तुटले होते, आणि जे तुटले ते वेल्डिंग नव्हते.

पद्मिनीला वेगळी चासी नाही, ही गोष्ट तुमच्या प्रश्नात कुठेही आलेली दिसत नाही. १९५३ साली आलेल्या फियाट ११००-१०३ पासून या गाडीचा सांगाडा म्हणजे तिचा पत्राच आहे. पाट्याच्या रचनेत मागच्या प्रत्येक चाकाचा भार पाट्याच्या दोन टोकांनी बॉडीत जातो, आणि गाडी पुढे ढकलण्याचा व ब्रेकचा जोर पाट्याच्या पुढच्या डोळ्यातून, म्हणजे टोकाच्या भोकातून, जातो. कारखान्याने मजबुती दिली आहे ती या टोकांच्या जागांना. मधला पत्रा माणसांनी पाय ठेवण्यासाठी आहे. कॉइल स्प्रिंग बसवली की तोच भार दोन टोकांवरून उचलून बरोबर मधोमध, हाऊसिंगच्या, म्हणजे मागचा अ‍ॅक्सल ज्यात बसतो त्या आडव्या नळीच्या, डोक्यावर आणला जातो आणि पुढे-मागे ओढणारा जोर लिंकांच्या ब्रॅकेटांवर येतो. म्हणजे जिथे ताकद आहे तिथून भार काढून, जिथे ती नाही तिथे तो टाकायचा, असे हे काम आहे. ज्याला हे कळले नाही, त्याने वेल्डर शोधण्याची घाई करू नये.

आमच्याकडे आलेल्या गाडीतही मालकांनी मूळच्या १०८९ सीसी इंजिनाच्या जागी दुसऱ्या गाडीचे इंजिन घातले होते, आणि क्लच सोडताच मागचे हाऊसिंग पाट्यांना पीळ देत उड्या मारत असे. माझे तेव्हाचे भागीदार वयाने आणि अनुभवाने माझ्यापेक्षा मोठे होते. त्यांनी भंगारातून ११८ एनईचे हाऊसिंग आणले. ११८ एनई ही पद्मिनी बनवणाऱ्या कंपनीचीच १९८५ सालची गाडी, फियाट १२४ च्या वंशातली, आणि तिला मागे कॉइल स्प्रिंग, लिंका व हाऊसिंग बाजूला सरकू न देणारा आडवा पॅनहार्ड दांडा मुळातच आहे. कंपनी एकच आहे, तेव्हा तिथले इथे बसणारच, असा त्यांचा हिशेब होता. हाऊसिंग बसले, यात शंका नाही. परंतु ११८ एनईच्या बॉडीत लिंका धरण्यासाठी ज्या घड्या आणि मजबुतीचे पत्रे कारखान्याने दाबून बनवले होते, ते हाऊसिंगबरोबर भंगारवाल्याकडून येत नाहीत.

लोअर लिंकांना जागा मिळाली. अप्पर लिंकांना मागच्या सीटखालची पायरी आडवी आली, म्हणून भागीदारांनी त्या आखूड केल्या, लोअरच्या निम्म्याहून थोड्या जास्त, आणि त्या पुढच्या बाजूला खाली झुकल्या. त्यावर आणखी एक सुधारणा म्हणून, रबर लवते आणि गाडी ढिली वाटते, या कारणाने त्यांनी आठही टोकांना लेथवर काढलेले नायलॉनचे बुश, म्हणजे बोल्टाभोवतीची कडी, घातले. ब्रॅकेट ६ मिमीच्या पट्टीचे होते आणि ते मी थेट फ्लोअरच्या पत्र्याला जोडले, जो गंज घासल्यानंतर जेमतेम १ मिमी उरला होता. गाडी पन्हाळ्याला जाऊन आली. मालक खूष झाले आणि भागीदारांनी पेढे आणले.

तिसऱ्या महिन्यात मालक गगनबावड्यावरून करूळ घाटाने कोकणात उतरत असताना प्रत्येक वळणावर मागून ‘कट्’ असा आवाज येऊ लागला. गाडी परत आली, घोड्यांवर चढवली, आणि मी अजून बॅटरी घेऊन खाली सरकतो आहे तोवर भागीदारांनी उभ्याउभ्याच निकाल दिला, ‘वेल्डिंग कच्चं झालंय, दुसरं काय!’ उद्यमनगरात असे वाक्य पसरायला एक चहा पुरतो. पुढची दोन वर्षे मला माणसे कामाआधी विचारत असत की, टाका धरेल ना?

म्हणून खाली सरकल्यावर मला काय दिसले ते नीट सांगतो. दोन्ही अप्पर लिंकांचे ब्रॅकेट पत्र्यासकट सुटत आले होते. वेल्डिंगचा मणी ब्रॅकेटला आणि पत्र्याच्या एका पट्टीला घट्ट धरून होता, आणि त्या मण्याच्या कडेने पत्रा फाटला होता. चारही लोअर टाके शाबूत होते. आता जो जोर येतो त्याचा हिशेब करू. एका मागच्या चाकावर ब्रेकचा २०० किलोचा जोर धरा, चाकाची त्रिज्या २९० मिमी, लोअर लिंक अ‍ॅक्सलच्या मध्याखाली ५० मिमी आणि अप्पर लिंक मध्यावर १०० मिमी. लिंका समांतर आहेत असे समजून जोराचा हिशेब केला तर लोअर लिंकेत ५२० किलो येतात आणि अप्परमध्ये ३२०. माझे वेल्डिंग कच्चे असते तर ५२० किलो ओढणारे लोअर टाके आधी जायला हवे होते. ते गेले नाहीत. ज्यांच्यावर कमी जोर होता तेच गेले, दोन्ही बाजूंचे एकाच वेळी गेले, आणि ते सरळ रस्त्यावर नव्हे तर वळणावर बोलू लागले.

याचे कारण लिंकांच्या आखणीत होते. वळणावर गाडी कलली की एका बाजूच्या लिंका वर झुलतात आणि दुसऱ्या बाजूच्या खाली. अप्पर आणि लोअर लिंका समान लांबीच्या व समांतर नसतील, तर झुलताना एक बाजू हाऊसिंगला पुढे फिरवू पाहते आणि दुसरी मागे. हाऊसिंगची नळी तर पिळत नाही. कुणीतरी लवायलाच हवे, आणि ते काम रबरी बुश करतात. नायलॉनचे बुश लवत नाहीत, म्हणून ब्रॅकेट लवू पाहते, आणि ६ मिमीचे ब्रॅकेटही लवत नाही, म्हणून शेवटी १ मिमीचा पत्रा लवतो, तोही दर वळणाला. लोखंडाची पट्टी हाताने खालीवर वाकवून तोडतात, तसाच तो तुटतो. हे मी भागीदारांना खडूने जमिनीवर काढून दाखवले. त्यांनी चित्र पाहिले, पायाने पुसले, आणि मिग वेल्डिंगचे मशीन घेतले पाहिजे असे म्हणाले.

दुसऱ्या वेळी ते काम मी एकट्याने केले आणि फोर-लिंक केलेच नाही. तुम्हालाही माझे तेच सांगणे आहे. खाली दोन लिंका, वर हाऊसिंगवर मधोमध एकच लिंक, आणि बाजूला सरकू नये म्हणून पॅनहार्ड दांडा. वर एकच लिंक असल्यामुळे दोन बाजूंचे भांडण उरत नाही. त्या एका लिंकेवर दोन्ही चाकांचा मिळून ६४० किलोचा जोर येतो, म्हणून तिला पत्र्यावर धरता येत नाही. मी एका सिलपासून (दारांखालची बॉडीची मजबूत कड) दुसऱ्या सिलपर्यंत ८० बाय ४० ची, ३ मिमी जाडीची बॉक्स आडवी घातली, दोन्ही टोकांना सिलवर मोठ्या प्लेटा दिल्या आणि लिंकांची पुढची सर्व टोके त्या बॉक्सवरच घेतली. स्प्रिंगच्या डोक्याकडेही असेच दोन आधार उभे करून ते जुन्या पाट्यांच्या जागांशी बांधले. मागच्या सीटवर मधला माणूस आता बसू शकत नाही, कारण त्याच्या खाली लिंक आहे. मालकांच्या घरी तीनच माणसे आहेत, म्हणून चालले.

पॅनहार्ड दांडा जमेल तेवढा लांब करा आणि गाडी आपल्या नेहमीच्या उंचीवर उभी असताना तो आडवा, सपाट ठेवा. ९०० मिमीचा दांडा असेल तर चाक ७५ मिमी उचलल्यावर हाऊसिंग ३ मिमी बाजूला सरकते, ४०० मिमीचा असेल तर ७ मिमी. स्प्रिंगच्या बाबतीत लोक गाडीचे नाव सांगून ‘हिची द्या’ म्हणतात, ते करू नका. एका मागच्या चाकावर वरचे वजन २०० किलो येत असेल, तर दर मिलिमीटरला १.८ किलो धरणारी स्प्रिंग गाडीला साधारण दीड हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला दीड वेळा, झुला देते आणि उभ्या गाडीत ती ११० मिमी दबलेली असते. मागे २०० किलोची माणसे बसली की ती आणखी ५५ मिमी दबेल, तेव्हा हाऊसिंग बॉडीवर आपटू नये म्हणून असलेल्या बंप रबराला लागण्याआधी तेवढी जागा उरते का ते आधीच मोजा. स्प्रिंग बनवणाऱ्याकडे ‘थोडी कडक करा’ असे तर अजिबात म्हणू नका, कारण बाकी सर्व तेच ठेवून तार १२ मिमीवरून १३ मिमी केली तरी स्प्रिंग सुमारे ३८ टक्के कडक होते. आणि स्प्रिंगा चाकांपासून फार आत घेऊ नका. चाकांमध्ये १२०० मिमी आणि स्प्रिंगांमध्ये ९०० मिमी अंतर असेल, तर वळणावर कलण्याला होणारा त्यांचा विरोध निम्म्याच्या थोडा वर एवढाच उरतो. सर्व मापे ओळंबा सोडून जमिनीवर खुणा करून घ्या, कारण चाळीस वर्षांच्या बॉडीच्या दोन बाजू सारख्या असतील यावर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही.

वेल्डर ओळखण्याची माझी एकच परीक्षा आहे. त्याला विचारा की, हाऊसिंगच्या नळीवर ब्रॅकेट कसे जोडशील? एका बाजूने सलग ओढणाऱ्याच्या हातात नळी केळ्यासारखी वाकते, मग आतले अर्धे शाफ्ट तिरके चालतात आणि सहा महिन्यांत ऑइल सील गळू लागतात. जो म्हणेल की शाफ्ट बाहेर काढून, आधी टॅक, म्हणजे छोटे टाके, मारून, समोरासमोर थोडे थोडे भरून, मध्ये थंड होऊ देऊन काम करीन, त्याला काम द्या. मशीन कोणते आहे हे विचारू नका. पेट्रोलची टाकी उतरवल्याशिवाय जो पेटवायला घेईल, त्याच्याकडून गाडी तशीच परत आणा.

काही गोष्टी मी आधी सांगायला हव्या होत्या. माझे शिक्षण आयटीआयपर्यंतचे आहे आणि वरचे आकडे एका उदाहरणापुरते आहेत. तुमच्या गाडीचे वजन काट्यावर घेऊन ते पुन्हा काढावे लागतील. इंजिन मूळचेच असते तर मी पाटे खोलून नवी कमान देऊन घ्या, पाट्याच्या टोकाला धरणाऱ्या शॅकलचे बुश बदला आणि विषय संपवा, असे सांगितले असते. कायद्याचे म्हणाल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच स्पष्ट केले आहे. तुमचे इंजिन आरसीवर चढलेले नसेल तर तो प्रश्न सस्पेन्शनच्या आधी सोडवा. शिवाय २०२१ पासून पन्नास वर्षांपुढच्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांना विंटेज म्हणून ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी मिळते. तुमची गाडी २०२९ मध्ये त्या वयाची होईल, पण इंजिन बदलून आणि बॉडीला एवढे कापून-जोडून झाल्यावर ती वाट तिला बंद झालेली असेल.

आणि एक कबुलीही द्यायला हवी. डाव्या ब्रॅकेटच्या कडेला, जिथे पत्रा आधी फाटला, तिथे माझ्या हातून करंट थोडा जास्त लागून अंडरकट, म्हणजे मण्याच्या कडेला खाच, पडला होता. उजव्या बाजूला तो नव्हता आणि तीही फाटली, म्हणून माझे मत बदलत नाही. तरीही १ मिमीवर ६ मिमी थेट जोडू नये, मध्ये मोठी प्लेट घालावी, हे मला तेव्हाही माहीत होते, आणि मी भागीदारांसमोर ते बोललो नाही.

खर्चाचा आकडा मी देत नाही. लिंका, बुश आणि स्प्रिंगा यांचा हिशेब कोणीही फोनवर देईल, पण पत्रा उघडल्यावर आत काय सापडते यावर खरा खर्च ठरतो, आणि आमच्या गाडीत लिंकांपेक्षा पत्र्याच्या कामालाच दुप्पट दिवस लागले. दुसऱ्या वेळच्या कामाची मजुरी मी मालकांकडून घेतली नाही. तिच्यातली निम्मी भागीदारांनी द्यायला हवी होती, असे माझे मत आजही आहे.