स्लीव्हनंतर वजन परत वाढलंय, आता बायपास करावी का?

तुम्ही लिहिलंय की २०१८ साली स्लीव्ह (वजनासाठी पोट कापून लहान करायचं ऑपरेशन) झाली, ११२ वरून ७६ किलोवर आलात, आता काटा पुन्हा ९४ वर. डॉक्टर बायपास (पोटाची, हृदयाची नव्हे) करा म्हणतात, घरचे म्हणतात पुरे झाली कापाकापी. मी या वाटेने जाऊन आलेय म्हणून लिहिते. डॉक्टर नाही, शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे, त्यामुळे हे माझ्यापुरतं धरा.

माझी स्लीव्ह २०१५ची. उंची पाच फूट दोन इंच, वजन ११८. दीड वर्षात ८२ झाले. लोक रस्त्यात ओळखेनात, ते सुख वेगळंच. मग दरवर्षी तीन-चार किलो करत २०२२ मध्ये १०१. सासूबाई एकदाच बोलल्या, "एवढे पैसे घालून पोट कापलंस, आणि तरी?" वाईट हेतूने नव्हे, पण ते "आणि तरी" मला अजून ऐकू येतं.

वजन वाढलं म्हणजे उरलेलं पोट ताणून मोठं झालं, असं मी धरून चालले होते. जिथे पहिलं ऑपरेशन झालं तिथे फोन केला, तर समोरच्या बाईंनी मला न बघताच बायपासचं पॅकेज सांगितलं, वर तारीखही द्यायला तयार. तिथेच मला खटकलं. ओळखीतून पुण्यातल्या दुसऱ्या सर्जनकडे गेले. त्यांनी पहिला प्रश्न वजनाचा नाही केला. म्हणाले, "रात्री किती उशा घेऊन झोपता?"

दोन. चार वर्षं दोन उशा, आणि रोज सकाळी पित्ताची गोळी. आंबट पाणी घशाशी येऊन मध्यरात्री ठसका लागायचा. मी हे कोणालाच सांगितलं नव्हतं, कारण आपल्याकडे याला पित्त म्हणतात आणि पित्त काय, सगळ्यांनाच असतं.

त्यांनी एंडोस्कोपी केली, बेरियम पाजून एक्स-रे काढले. स्लीव्हची नळी फारशी ताणलेली नव्हतीच. पण अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला जखमा होत्या आणि पोटाचा वरचा भाग छातीच्या पडद्यातून वर सरकला होता. त्यांनी कागदावर काढून दाखवलं ते मला पहिल्यांदा नीट कळलं. स्लीव्हमध्ये पाऊण पोट काढून टाकतात आणि उरते केळ्याएवढी अरुंद नळी. खालचं दार, म्हणजे आतड्याकडे जायचा वॉल्व्ह, तसाच असतो. नळीत दाब वाढतो आणि आम्ल वर चढतं. सगळ्यांना होतं असं नाही. फिनलंडमध्ये दोन्ही प्रकारच्या पेशंटना १० वर्षं पाहिलं, तेव्हा स्लीव्हवाल्यांपैकी ३१ टक्क्यांच्या अन्ननलिकेला सूज सापडली, बायपासवाल्यांपैकी ७ टक्क्यांच्या. बायपासमध्ये वर अंड्याएवढीच पिशवी ठेवतात, तिच्यात आम्ल फार तयार होत नाही, आणि अन्न थेट पुढच्या आतड्यात उतरतं. म्हणून जळजळीवर तिचा गुण येतो.

मग त्यांच्याकडच्या आहारतज्ज्ञ ताईंनी पंधरा दिवस वही लिहायला लावली. खरं खरं लिहिलं आणि माझीच मला लाज वाटली. जेवण बघाल तर अर्धी भाकरी, दोन चमचे उसळ, संपलं. पण चहा पाच वेळा, प्रत्येक चहाला खारी, संध्याकाळी वाटीभर शेव-चिवडा. ताई म्हणाल्या, भाकरी आणि अंडं स्लीव्हमध्ये अडतं, खारी अडत नाही. चहात बुडवलेली खारी तुम्ही खात नाही, पिता. पोट लहान असून वजन का वाढलं, याचं उत्तर मला शाळेच्या कॅन्टीनमधल्या बशीत सापडलं!

तेव्हा आधी हे बघा की तुमचं कारण कोणतं. जळजळ, उलट्या, नळी कुठे चिमटलेली असणं ही एक गोष्ट. नळी खरोखर ताणलेली असणं, किंवा पहिल्या वेळी पोटाचा वरचा फुगीर भाग कापायचा राहून गेलेला असणं ही दुसरी. आणि खारी ही तिसरी. तिसऱ्यावर चाकू चालत नाही, निदान फार दिवस नाही. शिवाय सगळ्यात कमी वजनावरून पुढे चार-सहा किलो परत येणं हे जवळपास सगळ्यांचं होतं. तुमचे १८ आलेत, ते त्यापलीकडचं आहे, पण म्हणून पहिलं ऑपरेशन "फेल" गेलं असं मी म्हणणार नाही. तुम्ही आजही ११२ वर नाही आहात.

माझ्या सर्जननी स्पष्ट सांगितलं, "बायपास करू, पण ती तुमच्या अन्ननलिकेसाठी. वजन उतरेल तेवढं उतरेल." आणि तीन महिने थांबवलं. मला राग आला होता. पण खारी बंद करून त्या तीन महिन्यांत ९६ झाले.

ऑपरेशन फेब्रुवारी २०२३ ला. पहिल्या वेळी तासाभरात बाहेर आणलं होतं, या वेळी साडेतीन तास. यकृत जुन्या स्टेपलच्या रेषेला चिकटलं होतं, ते सोडवण्यातच वेळ गेला. दुसऱ्यांदा उघडलेल्या पोटात चिकटे असतात, रक्तपुरवठा पहिल्यासारखा नसतो, त्यामुळे पोट-आतड्याचा जोड गळण्याचा धोका पहिल्यापेक्षा जास्त, हे आधीच सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी नाडी १२० आणि ताप. रात्री अकराला सीटी स्कॅनला नेलं. गळती नव्हती, फुप्फुसाचा त्रास होता. पण त्या लिफ्टमध्ये माझ्या नवऱ्याचं तोंड मी पाहिलंय. तुमच्या घरचे नको म्हणतात ते उगीच नाही. त्यांना पुढच्या व्हिजिटला सोबत न्या आणि हे प्रश्न त्यांनाच विचारू द्या.

आता एका उशीवर झोपते. पित्ताची गोळी सहा महिन्यांनी बंद झाली. वजन ८५ पर्यंत गेलं, आज ८८. पहिल्या वेळचा तो चमत्कार दुसऱ्यांदा होत नाही.

बदल्यात काय मिळालं तेही सांगते. एका लग्नात दोन चमचे बासुंदी जास्त खाल्ली, तर पंधरा मिनिटांत घाम, धडधड, आणि मी मंगल कार्यालयात नवरीच्या खोलीत आडवी. फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, इतकं खाली गेलं की शिरेतून लोह द्यावं लागलं. बी१२, डी३, कॅल्शियम, लोह आयुष्यभर, आणि लोहाची गोळी चहाबरोबर नाही, कॅल्शियमबरोबरही नाही. गुडघे दुखले तर कॉम्बिफ्लाम, व्होव्हेरान चालत नाही, जोडावर अल्सर होतो. तंबाखूनेही होतो, त्यामुळे मिश्री लावत असाल तर सर्जनना सांगा. आपल्या बायका हे सांगत नाहीत.

विम्याचं. २०१९ पासून आयआरडीएआयच्या (विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या संस्थेच्या) नियमात वजनाच्या शस्त्रक्रियेसाठी अट अशी आहे: बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ४० किंवा जास्त, नाहीतर ३५ आणि सोबत आटोक्यात नसलेला मधुमेह, तीव्र स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडकणं) किंवा ठरावीक हृदयविकार. त्या यादीत जळजळ नाही. माझं प्री-ऑथ (ऑपरेशनआधीची विम्याची मंजुरी) आधी नाकारलं, मग एंडोस्कोपीचा रिपोर्ट आणि सर्जनचं पत्र जोडल्यावर बराचसा खर्च मिळाला. पहिल्या ऑपरेशनच्या नोट्स आत्ताच मिळवून ठेवा. डिस्चार्ज कार्ड पुरत नाही, आत नेमकं काय कापलं ते नोट्समध्ये असतं. मला त्यासाठी तीन खेपा पडल्या.

एक गोष्ट माझ्या वेळी नव्हती. मार्च २०२५ मध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोव्ही ही वजन उतरवायची इंजेक्शनं आपल्याकडे आली. तुमची एंडोस्कोपी स्वच्छ निघाली आणि त्रास फक्त वजनाचा असेल, तर आधी इंजेक्शनचं विचारा. महाग आहे, मळमळ होते, बंद केलं की बहुतेकांचं वजन परत येतं. पण ते थांबवता येतं, कापलेलं आतडं पूर्ववत करणं सोपं नाही. जळजळ असेल तर मात्र इंजेक्शनने पोट हळू रिकामं होतं, त्यामुळे ती वाढूही शकते. "मिनी बायपास" (एकाच जोडाची बायपास) सुचवली असेल तर पित्तरस वर येण्याबद्दल नक्की विचारा. जळजळीसाठी माझ्या सर्जननी तिला नाहीच म्हटलं होतं, साधी रू-एन-वाय, म्हणजे वर सांगितलेली नेहमीची बायपास, केली.

तुमच्या प्रश्नात एंडोस्कोपीचा उल्लेखच नाही. झालीय का? आणि रात्री किती उशा घेता?