पुठ्ठ्याचं मखर करणाऱ्या मुलाला हे काम जमेल का?

धायरीच्या एका ताईंचं पत्र आलंय. मुलगा बारावी कॉमर्सला, मार्क बेताचे, पण दर गणपतीला घरचं मखर पुठ्ठ्यातून स्वतः कापून उभं करतो, आणि आता म्हणतोय मॉलमध्ये बिस्किटं-शाम्पूचे स्टँड असतात ना, ते मला डिझाइन करायचेत. ताई विचारतात, यात पोट भरेल का, का नुसता नाद आहे?

ताई, भरेल. याला पीओपी, म्हणजे पॉइंट ऑफ पर्चेस, डिस्प्ले म्हणतात, गिऱ्हाईक जिथे खरेदी करतं तिथेच मालाकडे लक्ष वेधणारी मांडणी. काउंटरवरचा छोटा स्टँड, वरून लटकणारा डँगलर, शेल्फच्या कडेला डुलणारा वॉब्लर, रॅकच्या टोकाची मांडणी, सगळं यातच येतं. बिस्किट-साबणवाल्या कंपन्यांना हे सतत लागतं आणि दिवाळीच्या आधी तर रात्री जागून काम चालतं, हे आत्ताच सांगून ठेवते.

आणि मला त्याच्या मखराचंच जास्त कौतुक वाटलं. 2018 ला थर्माकोलवर बंदी आल्यावर पुण्यात घडीची पुठ्ठ्याची मखरं किती दिसायला लागली बघा, तीच विद्या इथे लागते, माल टेंपोतून सपाट जायला हवा आणि दुकानात सेल्सच्या पोराला तो कात्री-चिकटपट्टीशिवाय पाच मिनिटांत उभा करता यायला हवा. छान चित्र काढणारी मुलं पुष्कळ येतात माझ्याकडे, पण पुठ्ठ्याच्या दोन थरांमधल्या नळ्या उभ्या ठेवल्या तर तो वजन पेलतो आणि आडव्या ठेवल्या तर बसतो, हे हाताला माहीत असलेली फार थोडी. शिवाय दुकानात रोज ओलं फडकं फिरतं, खालची कड भिजली की स्टँड वाकलाच, म्हणून पायाला लॅमिनेशन नाहीतर वेगळा बेस द्यावा लागतो. हे सॉफ्टवेअर शिकवत नाही हो. कोरलड्रॉ, स्केचअप तो शिकेलच, त्याची काळजी नको.

कॉमर्सने काही अडत नाही. राज्याच्या सीईटी सेलची एएसी सीईटी, म्हणजे कला अभ्यासक्रमांची प्रवेश परीक्षा, देऊन अभिनव कला किंवा भारती विद्यापीठात अप्लाइड आर्टला, म्हणजे जाहिरात-डिझाइनच्या कलेला, जाता येतं, निफ्ट या फॅशन संस्थेच्या फॅशन कम्युनिकेशनमध्ये व्हिज्युअल मर्चंडायझिंग, म्हणजे दुकानातली मांडणी, असतं, आयआयटीवाली यूसीड ही डिझाइनची प्रवेश परीक्षा पण कुठल्याही शाखेला चालते. प्रायव्हेट डिझाइन कॉलेजची फी मात्र लाखांत जाते, तेव्हा कर्ज काढायच्या आधी थोडं थांबा, असं मी अगदी कळकळीने सांगते.

परीक्षा झाली की त्याला पंधरा दिवस ओळखीच्या किराणा दुकानात गल्ल्यापाशी उभं राहू द्या. दुकानदार फूटभर जागासुद्धा किती नाखुषीने देतो, आलेल्या स्टँडमधला कुठला आठवड्यात माळ्यावर जातो, लोकांचा हात आधी कुठे जातो, सगळं वहीत लिहू दे. मग महिनाभर भोसरी-चाकणकडच्या एखाद्या बॉक्स कारखान्यात, तिथे जास्त काम गाड्यांच्या पार्टच्या पॅकिंगचं असतं, पण डाय कटिंग, म्हणजे साच्याने पुठ्ठा कापणं, डोळ्यांनी बघायला मिळतं. एवढं करूनही तो हेच करायचं म्हणाला तर पुढच्या वर्षीच्या प्रवेश परीक्षेचे फॉर्म भरा, आणि मखरांचे फोटो, कच्ची मापं, फसलेले तुकडेसुद्धा जपून ठेवा, पोर्टफोलिओत तेच पहिल्या पानावर लावायचेत.