पायाखाली कोळसा आणि लोहखनिज असूनही झारखंड मागे का?

इतकी खनिजं असताना तिथे कारखानदारी का फुलली नाही, असं तुम्ही विचारलंय. भ्रष्टाचार हे नेहमीचं उत्तर, आणि ते काही खोटं नाही. पण मला त्याहून मोठं कारण वाटतं ते मालाच्या रेल्वेभाड्याच्या एका नियमाचं. त्याचं नाव मालवाहतूक समानीकरण.

पोलादाला हा नियम १९५६ ते १९९२ लागू होता. देशभर कारखाने पसरावेत म्हणून पोलाद कुठल्याही रेल्वे स्थानकावर एकाच भावाने द्यायचं. समजा, जमशेदपूरहून रांचीचं खरं भाडं टनाला १० रुपये आणि मुंबईचं ९०. दोघांनी सारखाच माल घेतला तर दोघांकडून ५० घ्यायचे. म्हणजे रांचीच्या वर्कशॉपवाल्याने ४० रुपये जादा भरायचे आणि मुंबईवाल्याचे तेवढेच वाचवायचे. कापसाला मात्र अशी सवलत नव्हती. तो पूर्वेकडे न्यायचा तर पूर्ण भाडं मोजा.

पोलादाची भट्टी काही हलत नाही. टनभर पोलादाला दीड टनाच्या आसपास लोहखनिज आणि पाऊण टन कोळसा लागतो, एवढं वजन लांब वाहून नेणं परवडत नाही. त्यामुळे भट्ट्या, धूर आणि खाणींचे खड्डे तिकडेच राहिले. हलला तो पुढचा धंदा. पंप, नटबोल्ट, गिअर, मशीन टूल्स. हाताला काम जास्त मिळतं ते यातच. मुंबई-पुण्याकडे बाजार होता, बंदर होतं. पोलादही त्याच भावात दारात येत असेल तर रांचीला कोण जाणार? (आपल्या उद्यमशीलतेच्या गप्पांत हे सहसा येत नाही.)

नियम गेला, पण उद्योग परत गेले नाहीत. तोवर लेथवर काम करणारे टर्नर, डाय म्हणजे साचे बनवणारे, सुटे भाग पुरवणारे सगळे पश्चिमेत स्थिरावले होते. नुसतं भाडं वाचतं म्हणून अशी घडी कुणी मोडत नाही.

राहिली रॉयल्टी, म्हणजे खनिज काढण्याबद्दल राज्याला मिळणारी रक्कम. कोळसा, लोहखनिज अशा प्रमुख खनिजांवरचे तिचे दर केंद्र ठरवतं. कोळशाला किमतीच्या १४ टक्के हा दर २०१२ मध्ये आला. त्याआधी टनामागची ठरावीक रक्कम त्यात असायची, त्यामुळे भाव चढला तरी राज्याच्या पदरात त्या मानाने पडत नसे. २०१५ पासून रॉयल्टीच्या वर खाणींच्या जुन्या पट्ट्यांवर (म्हणजे करारांवर) तिच्या ३० टक्के आणि लिलावाने दिलेल्या पट्ट्यांवर १० टक्के रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानाकडे, म्हणजे खाणींची झळ बसलेल्यांसाठीच्या जिल्ह्याच्या निधीकडे, जाते. एखाद्या खाणजिल्ह्याचा हिशेब हाती आला, तर यातलं किती बांधकामाला गेलं आणि किती नर्स-शिक्षकांच्या पगाराला, ते आधी बघा.