१६०० ग्रॅमचं बाळ : काचेची पेटी की आईची छाती?

प्रश्न : वहिनीला ३३व्या आठवड्यात मुलगा झाला, वजन १६०० ग्रॅम. ऑक्सिजन निघालाय, नळीने दूध चालू आहे. आता सिस्टर सांगतात, आईच्या छातीशी बांधून ठेवा, कांगारू केअर द्या. घरचे म्हणतात, पैसे भरायची तयारी आहे, काचेच्या पेटीतच ठेवा. कांगारू केअर हा पेट्या कमी पडतात तिथला, गरिबांसाठीचा उपाय आहे ना?

उत्तर :

शेवटचं वाक्य नसतं तर मी या प्रश्नाच्या वाटेला गेले नसते. मी सरकारी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. एकोणीस वर्षं झाली, त्यातली अकरा एसएनसीयूत, म्हणजे आजारी आणि कमी वजनाच्या नवजात बाळांच्या विशेष कक्षात. "गरिबांसाठीचा उपाय" हे शब्द मी याआधी एकदा ऐकलेत, तेही आमच्याच खात्यातल्या माणसाकडून, आणि त्यापायी एक मेमोही घेतलाय.

पेट्या कमी पडल्या म्हणूनच हे सुरू झालं, हे खरं आहे. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात एकेका पेटीत एकाहून जास्त बाळं ठेवायची वेळ आली होती. एकाचा जंतुसंसर्ग दुसऱ्याला होत होता. तेव्हा डॉ. एदगार रे सानाब्रिया यांनी बाळं आयांच्या छातीवर बांधायला सुरुवात केली. पण गोधडीही चिंध्यांतूनच आली, म्हणून ती ऊब देत नाही का? आज स्वीडनमध्ये, जिथे पेट्यांना तोटा नाही, तिथेही कमी दिवसांची बाळं आईबापाच्या उघड्या छातीवर झोपतात.

आता माझी गोष्ट. आठेक वर्षांपूर्वीची, जानेवारीतली. आमचा भाग उसाचा. बीडकडून आलेलं ऊसतोडीचं एक जोडपं होतं. बाईला आठव्या महिन्यात फडावरच झटके आले. बीपी चढलेलं, अंगावर सूज. आणल्या आणल्या सिझर झालं, ती आयसीयूत, आणि बाळ आमच्याकडे. मुलगी, १४२० ग्रॅम. दोन दिवस ऑक्सिजन लागला, तिसऱ्या दिवशी निघाला.

त्या रात्री वॉर्मर, म्हणजे बाळाला वरून ऊब देणाऱ्या उघड्या खाटा, बारा आणि बाळं एकोणीस होती. मी आणि आणखी एक सिस्टर, एवढ्या दोघी. एका वॉर्मरवर दोन बाळं ठेवली की काय होतं, हे बाहेर कुणाला माहीत नसतं. तापमानाचा प्रोब एकाच बाळाच्या पोटाला चिकटवता येतो. ते बाळ तापलं की मशीन आपोआप मंद होतं. शेजारचं गार पडत असेल तर ते मशीनला कळत नाही. आमची ही मुलगी शेजारी होती. पावणेदोनला काखेत थर्मामीटर लावला तर ३५.६ सेल्सिअस. तळपाय थंडगार. गुंडाळलं, टोपरं घट्ट केलं, प्रोब काढून तिला लावला, तर दुसरं बाळ तापू लागलं. अर्ध्या तासाने ३५.८. एवढं लहान बाळ गार पडलं की पोटात गेलेलं सगळं दूध अंग गरम ठेवण्यातच जळतं, मग साखर उतरते, मग श्वास विसरतं. श्वास विसरलेलं बाळ तळव्याला टिचकी मारून परत आणताना काय वाटतं, ते माझ्यासारख्या सिस्टरांनाच ठाऊक.

आई बेशुद्धीच्या इंजेक्शनांखाली. आजी पॅसेजमध्ये घोंगडी पांघरून बसलेली. तिला विचारलं तर म्हणाली, "माय, पाचवी पुजल्याबिगर मी न्हाई हात लावायची." राहिला बाप. पंचवीस-सव्वीसचा पोरगा, पाल्याने चिरलेले हात, जिन्याखाली झोपलेला. त्याला उठवलं आणि गरम पाण्याने आंघोळ करून ये म्हटलं. आला तो शर्टाचं वरचं बटणही लावून. शर्ट काढ म्हटल्यावर आधी माझ्याकडे, मग दाराकडे बघितलं. मग हळूच विचारलं, "सिस्टर, बाप्याच्या अंगावर जगंल का ती?"

आमच्याकडे केएमसीची, म्हणजे कांगारू मदर केअरची, वेगळी खोली होती. म्हणजे दारावर पाटी होती. आत सलाइनची खोकी, आणि मागे रेलायच्या तीन खुर्च्या, प्लॅस्टिकसकट. तपासणी आली की उघडायच्या आणि परत झाकायच्या. मी खोकी बाहेर ओढली, एका खुर्चीचं प्लॅस्टिक फाडलं आणि त्याला बसवलं. मुलीच्या अंगावर फक्त लंगोट, टोपरं आणि मोजे. छातीच्या मधोमध उभी धरली, पाय बेडकासारखे दुमडून, डोकं एका बाजूला, हनुवटी किंचित वर. मान खाली वाकली तर श्वास अडतो, म्हणून तेवढं त्याला तीनदा दाखवलं. आजीचं जुनं मऊ लुगडं मागून घेतलं, त्यानेच बांधली. पायाला पल्स ऑक्सचा, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन मोजणारा, प्रोब लावला. तासाने ३६.३. चार वाजता ३६.८. तो पोरगा सकाळी आठपर्यंत लघवीलासुद्धा उठला नाही. उठलं तर चालेल, बाळासकट फिरता येतं, हे सांगायचं मीच विसरले होते.

आठला आमच्या इन्चार्ज बाई आल्या. बाकीचं सोडा, आधी दिसला तो उघडाबंब पुरुष. माझा हँडओव्हर राहिला बाजूला. नातेवाईक आत आणून इन्फेक्शन पसरवते, बाळ पुरतं स्थिर झालेलं नसताना वॉर्मरवरून काढते, डॉक्टरांना विचारत नाही. आणि सगळ्यांसमोर, "हे कांगारू-बिंगारू खेड्यापाड्यातलं, जिथं मशीन नाही तिथलं. आपण काय भिकारी आहोत का?" दुपारी मेमो हातात. पुरुषाला प्रवेश दिल्याबद्दल.

बाई, तुम्ही आता निवृत्त आहात आणि तुमच्या हातात फोन असतो हे मला माहीत आहे, म्हणून हे इथेच लिहिते. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या मोठ्या अभ्यासाचे आकडे आले. पाच रुग्णालयं : घाना, मलावी, नायजेरिया, टांझानिया आणि आपल्या दिल्लीचं सफदरजंग. १ किलो ते १.८ किलोची तीन हजारांवर बाळं. निम्म्यांना जन्मल्याबरोबर, स्थिर होण्याची वाट न बघता, कांगारू केअर. निम्म्यांना आधी वॉर्मर आणि स्थिर झाल्यावर कांगारू. पहिल्या अठ्ठावीस दिवसांत वॉर्मरवाल्या गटात हजारी १५७ बाळं दगावली, छातीवरच्या गटात १२०. फरक इतका स्वच्छ दिसला की अभ्यास मुदतीआधी थांबवला. २०२२ पासून संघटना सांगते, दिवसाचे ८ ते २४ तास, जेवढं जमेल तेवढं, आणि लवकरात लवकर. हे सगळं मशीन असलेल्या रुग्णालयांत झालंय. तिथे वॉर्मरही होते, ऑक्सिजनही होता.

त्या मुलीचं पुढे काय झालं ते सांगते. पाचव्या दिवशी मुकादमाचे फोन सुरू झाले. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली, आणि बायको दवाखान्यात म्हणून जोडप्याचा अर्धा कोयता आधीच बसलेला. बाप फडावर गेला. त्या संध्याकाळी आजीने पॅसेजच्या कोपऱ्यात सुपारी मांडून पाचवी पुजली. सटवाई नशीब लिहायला येते म्हणून माझ्याकडे कोरा कागद आणि पेन मागितलं. माझ्याजवळ ताप-नाडी-श्वास लिहायचा कोरा टीपीआर चार्ट होता, तोच दिला. रात्री नऊला आजी हात धुऊन आत आल्या आणि चोळीच्या गाठी सोडून बसल्या. नंतरचे दिवस त्यांनीच काढले. आई वॉर्डात आल्यावर दोघी आळीपाळीने. मधाचं बोट चाटवायचं खूळ मात्र मला दोनदा हाणून पाडावं लागलं. मध वर्षाच्या आत नाही म्हणजे नाही. चोविसाव्या दिवशी पोरगी १७६० ग्रॅमची होऊन गेली. नंतरचं मला माहीत नाही. घरी येऊन वजन करणाऱ्या आशाताईंच्या भेटी गावच्या यादीवर चालतात, आणि ही माणसं फडाजवळच्या कोपीत, म्हणजे झोपडीत. गावची आशा म्हणणार ते इथे नाहीत, इथली म्हणणार ते आमचे नाहीत. यावर कुणी प्रश्न विचारला तर तेही उत्तर लिहीन.

आता तुमचं. १६०० ग्रॅम, ऑक्सिजन निघालेला, नळीने दूध घेणारं. तुमच्या सिस्टर बरोबर सांगतायत. नळी असली तरी केएमसी देता येतं. एका बैठकीला निदान तासभर. दहा मिनिटं घेतलं आणि परत ठेवलं, तर बाळाची नुसती काढघाल होते. छातीवर असलेल्या बाळाच्या आईला दूधही जास्त येतं. चीक हाताने काढून, एक-दोन मिली असला तरी, तोच द्यायला सांगा. नळी निघाली की वाटी-चमचा नाहीतर बोंडलं, म्हणजे दूध पाजायची चोचीची छोटी वाटी. पण ते उकळून घ्या, आजेसासूबाईंचं चांदीचं असलं तरी. बाळ अडीच किलोचं झालं की स्वतःच पाय झाडून बाहेर येतं, तेव्हा थांबायचं.

एवढं लिहून वाटतंय की काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. बाळ कण्हत असेल, बरगड्या आत ओढत असेल, ओठ निळे पडत असतील, दूध टाकून देत असेल, तर छाती पुरे पडत नाही. तिथे डॉक्टर आणि मशीन दोन्ही लागतात. २ किलोच्या आतल्या बाळाच्या डोळ्यांच्या पडद्याची तपासणी जन्मापासून तीस दिवसांच्या आत झालीच पाहिजे, डिस्चार्जच्या कागदावर लिहिलेली नसली तरी विचारून करून घ्या. आणि हात. इन्चार्ज बाई हातांबद्दल चूक नव्हत्या. त्यांनी आधीच्या वॉर्डात एका आठवड्यात तीन बाळं इन्फेक्शनने गेलेली पाहिली होती, हे मला फार उशिरा कळलं. कोपरापर्यंत साबण, अंगठी-बांगड्या काढून, सर्दी असलेल्याने आत यायचं नाही. मीही त्या रात्री ऑन-कॉल डॉक्टरांना फोन करायला हवा होता, तो केला नाही. मेमो त्यासाठी दिला असता तर गपचूप घेतला असता.

वहिनी थकल्या की तुमच्या दादांनी बसावं. सैल, पुढून बटणांचा शर्ट, अंगाला अत्तर-पावडर नाही, तंबाखू-सिगारेट तर नाहीच. आणि छातीवरचे केस काढायची गरज नसते. हे आधीच सांगून ठेवते, कारण दर महिन्याला कुणीतरी बाप मला बाजूला घेऊन तेवढंच विचारतो.