जुने राक्षसपट पाहायला सुरुवात करताना

आरंभ १९५०च्या दशकातील अमेरिकी कृष्णधवल चित्रपटांपासून करा. अणुचाचण्यांची भीती तेव्हा ताजी होती आणि ‘देम!’ (१९५४) मधील न्यू मेक्सिकोच्या वाळवंटातल्या महाकाय मुंग्या त्या भीतीतूनच जन्मल्या.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:
- केवळ हसण्यासाठी, सर्वांत वाईट म्हणून गाजलेले चित्रपट आधी निवडणे.
- मागाहून रंगवलेली आवृत्ती पाहणे. सावल्यांनी झाकलेली काटकसर तिच्यात उघडी पडते.
- प्राणी लवकर दिसत नाही म्हणून चित्रपट पुढे सरकवणे. ही चूक सर्वांत मोठी, कारण प्रतीक्षा हाच या चित्रपटांचा प्राण आहे.

खरे आकर्षण चणचणीतून निघालेल्या कल्पकतेत आहे. ‘इट केम फ्रॉम बिनीथ द सी’ (१९५५) साठी विशेष दृश्ये घडवणारे रे हॅरीहाउसेन यांनी खर्च वाचवण्याकरिता ऑक्टोपसला आठऐवजी सहाच बाहू दिले आणि ती प्रतिकृती चित्रफितीच्या चौकटीगणिक किंचित हलवून जिवंत केली. तो प्राणी सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाला विळखा घालतो तेव्हा बाहू मोजण्याचे भानच राहत नाही.

तंत्राचे बारकावे आणि दिग्दर्शकांच्या याद्या तूर्त बाजूला ठेवा. जेमतेम ऐंशी मिनिटांचा हा चित्रपट अंधाऱ्या खोलीत, एका बैठकीत पाहा. आवडला तर पुढचे नक्की सुचवीन.